प्रश्नातून शिकणं म्हणजे मोकाट सोडणं नव्हे
काही जण म्हणतात, की प्रश्न विचारत शिकायचं म्हणजे मुलांना मोकाट सोडणं. मला हे अजिबात पटत नाही. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय शिक्षणसंस्थेचा प्राथमिक कार्यक्रम (पीवायपी म्हणजे प्रायमरी इयर्स प्रोग्राम, १९९७ पासून, ३ ते १२ वयाच्या मुलांसाठी) सहा व्यापक सूत्रांवर उभा आहे आणि प्रत्येक घटकामागे शिक्षकांनी एकत्र बसून केलेलं नियोजन असतं. 'नळाला पाणी येतं कुठून?' एवढ्या एका प्रश्नावरून मुलं मोजमाप, नकाशे, अगदी पाण्याच्या न्याय्य वाटपापर्यंत पोचतात. शिक्षकानं उत्तर सांगून टाकायची घाई आवरायची, आणि तेच सगळ्यात अवघड! पाढे, शुद्धलेखन यांचा सराव मात्र वेगळा घ्यावाच लागतो. या कार्यक्रमाच्या शेवटच्या वर्षी मुलं आपलं काम मांडतात, ते प्रदर्शन जरूर बघा. स्वतः निवडलेल्या प्रश्नावर मुलं किती समजून बोलतात ते ऐका.