सही झाली, तरी बांधील का नाही? अनुसमर्थन, सामील होणे आणि 'आरक्षण'

माझी भाची सोलापुरात अभ्यासिकेत बसून राज्यसेवेची तयारी करते. परवा जेवताना म्हणाली, "मामा, संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारताने १९९७ सालीच सही केलीय. मग भारत त्याला बांधील नाही, हे कसं?"

घोळ 'सही' या शब्दाचा आहे. तहसील कचेरीत सही केली की आपलं काम संपतं. बहुपक्षीय करारांत बहुधा तसं नसतं. तिथली सही इसारपावतीसारखी, खरेदीखत अजून व्हायचं असतं. सही केल्यावर कराराचा मूळ हेतूच हाणून पाडायचा नाही एवढं बंधन येतं, पण त्यातली कलमं लागू होत नाहीत. त्यासाठी 'अनुसमर्थन' लागतं: मायदेशी रीतसर निर्णय घेऊन 'आम्ही बांधील आहोत' असं लेखी कळवणं. आपल्याकडे हा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळ घेतं. पॅरिस हवामान करारावर भारताची सही २२ एप्रिल २०१६ ची, अनुसमर्थन २ ऑक्टोबरचं. छळविरोधी कराराचं अनुसमर्थन झालेलंच नाही.

परीक्षेत 'अनुसमर्थन' लिहावं, पण मला आपला 'शिक्कामोर्तब' फार जवळचा वाटतो. शिवकालीन पत्रात मजकूर संपला की तिथे मोर्तब उठवत, म्हणजे पुढे कुणाला काही घुसडता येऊ नये. अनुसमर्थनातला 'आता ठरलं' हा भाव त्यात नेमका आहे.

बालहक्क करारावर तर भारताने सहीच केली नाही. ११ डिसेंबर १९९२ रोजी तो थेट सामील झाला, म्हणजे आधी सही, मग अनुसमर्थन असं न करता एकाच पायरीत बांधील झाला. याला काही जण 'विलय' म्हणतात, ते मला पटत नाही. आपल्या शेजारचं अक्कलकोट संस्थान १९४८ साली विलीन झालं आणि त्याचं वेगळेपण संपलं. करारात येणाऱ्या देशाचं तसं काही होत नाही. 'सामील होणे' हेच बरं, आणि त्या कागदाला 'सामीलनामा'.

अडतं ते पुढच्या शब्दापाशी. महिलांवरील भेदभावाविरुद्धचा करार १९९३ साली स्वीकारताना, वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याच्या तरतुदीला आपण बांधील नाही, असं भारताने नोंदवलं. अशा नोंदीला पुस्तकांत 'आरक्षण' म्हणतात आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नोकऱ्यांतल्या जागा येतात. भाचीला मी तूर्त 'राखीव हरकत' लिहायला सांगितलंय. याहून चपखल शब्द कुणाला सुचतो का?