बाटलीवरचा ससा : तुमचे अनुभव लिहा

रत्नागिरी (धागा सुरू करताना)

गेल्या महिन्यात माझ्या नववीतल्या मुलीने न्हाणीघरातल्या सगळ्या बाटल्या पडवीत ओळीने मांडल्या. प्राण्यांवर चाचणी केलेली नाही असं सांगणारं सशाचं चित्र कोणत्या बाटलीवर आहे ते ती शोधत होती. अकरापैकी दोनच बाटल्यांवर ते सापडलं. त्यातलाही एक ससा कोणत्याच प्रमाणपत्राचा नव्हता, कंपनीने स्वतःच्या मनाने छापलेला होता. "मग बाकीच्या नऊ बाटल्यांसाठी ससे मेले का?" असं तिने विचारलं, तेव्हा मला उत्तर देता आलं नाही.

नंतर वाचून जे कळलं ते असं. भारतात सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायला २०१४ साली बंदी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून तशा चाचण्या झालेला माल बाहेरून आणायलाही मनाई झाली. युरोपीय संघाने २०१३ मध्येच विक्री थांबवली होती. हे सगळं वाचून बरं वाटलं. पण एखादा घटक तीस वर्षांपूर्वी कुठल्या तरी देशात सशाच्या डोळ्यात घालून पाहिलेला असेल, तर त्याचं काय, हा प्रश्न तसाच राहिला.

तुम्ही खरेदी बदलली असेल तर लिहा. बदलायला गेलात आणि अडलात, तर ते आधी लिहा.

कुडाळ, पार्लर चालवते

सोळा वर्षं हा व्यवसाय करते आहे. तीन वर्षांपूर्वी एका नवरीने मेकअपला बसल्या बसल्या विचारलं, "ताई, हे प्राण्यांवर तपासलेलं नाही ना?" मी पटकन म्हटलं, "नाही गं, सगळं नैसर्गिक आहे." मला काहीच माहीत नव्हतं. ते खोटं बोलणं मला फार लागलं आणि त्याच रात्री मी सगळी लेबलं काढून बसले.

पहिला घोटाळा हिरव्या ठिपक्याचा. सोमवार, संकष्टी पाळणाऱ्या माझ्या कितीतरी गिऱ्हाइकांना वाटतं की हिरवा ठिपका दिसला म्हणजे प्राण्याला त्रास नाही. तो ठिपका फक्त आत काय आहे ते सांगतो. लिपस्टिकचा लाल रंग पुष्कळदा कारमाइनचा असतो, म्हणजे किडे वाळवून काढलेला. अशी लिपस्टिक चाचणीमुक्त असू शकते. उलट सगळे घटक झाडापासूनचे असलेलं क्रीमही प्राण्यावर तपासलेलं असू शकतं. हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत आणि दोन्ही विचारावे लागतात.

दुसरा घोटाळा वाक्यांचा. "तयार उत्पादन प्राण्यांवर तपासलेलं नाही." छान, पण घटक? "कायद्याने मागितल्याखेरीज आम्ही चाचणी करत नाही." याचा अर्थ समजायला मला दोन आठवडे लागले. चीनमध्ये आयात प्रसाधनांसाठी प्राण्यांवरची चाचणी सक्तीची होती. मे २०२१ पासून साध्या प्रसाधनांना काही अटींवर सूट मिळाली. म्हणजे तिथे माल विकणारी कंपनी इथे आपले हात स्वच्छ आहेत म्हणू शकत होती. एका कंपनीला मी मेल केला, दोन महिन्यांनी उत्तर आलं. त्यात माझे आभार होते, प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तो माल मी बंद केला.

आता मी लीपिंग बनीचं, म्हणजे उडी मारणाऱ्या सशाचं, प्रमाणपत्राचं चिन्ह पाहते. १९९६ पासून ते आहे आणि त्यात कच्चा माल पुरवणाऱ्यांकडूनही हमी घ्यावी लागते, म्हणून मला भरवशाचं वाटतं. फाउंडेशन, काजळ, फेसवॉश बदललं. केसांचा रंग मात्र जमला नाही. पांढरे केस नीट झाकणारा आणि माझ्या गिऱ्हाइकांना परवडणारा रंग अजून सापडलेला नाही. जुनाच वापरते आणि कोणी विचारलं तर तसं सांगते. कोणाला माहीत असेल तर कृपया कळवा.

मालवण

माझी आई मासळी विकते. मी शाम्पू बदलला तेव्हा ती म्हणाली, "आपण रोज मासे खातंव, मगे त्या सशाचो पुळको कित्याक येता तुका?" आमच्याकडे हा प्रश्न प्रत्येकाला ऐकावा लागत असणार.

मी लगेच उत्तर दिलं नाही. पण ते मला तिच्याच वागण्यात सापडलं. पोटात गाबोळी असलेली लहान मासळी जाळ्यात आली की ती हळहळते. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा खारवलेल्या बांगड्यावर दिवस काढते, कुरकुर न करता. मुशी, म्हणजे लहान शार्क, कापली तर तिचं काही वाया जाऊ देत नाही. मारलंस तर खा, टाकू नकोस, हे तिने आम्हाला लहानपणापासून शिकवलं. क्रीममधलं स्क्वालीन कित्येकदा शार्कच्या यकृतातून काढतात, हे मी तिला सांगितलं. ऑलिव्हपासूनही तेच मिळतं, हेही सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तोंडाक लावूक? खावक नाय?" त्यानंतर शाम्पूचा विषय तिने काढलेला नाही.

चिपळूण, निवृत्त

मी ऐंशीच्या दशकात मुंबईत एका औषध कंपनीच्या प्राणिगृहात होतो. आमच्याकडे इंजेक्शनं आणि सलाइन ससे वापरून तपासत. तीन ससे घ्यायचे, मान तेवढी बाहेर राहील अशा लाकडी चौकटीत बसवायचे, कानाच्या शिरेत नमुना टोचायचा आणि तीन तास दर अर्ध्या तासाने ताप मोजायचा. ताप चढला तर तो माल बाहेर जायचा नाही. या चाचणीने किती रोगी वाचले असतील! पुढे माझ्या पत्नीला सलाइन लावलं तेव्हा मला ते ससे आठवले, आणि मी त्यांचे आभारच मानले.

पण तिथलं एक सांगतो. ससा सहसा ओरडत नाही. गप्प बसून राहतो, म्हणून पाहणाऱ्याला वाटतं त्याला दुखत नसावं. मी डब्यातल्या कोथिंबिरीच्या काड्या त्यांना द्यायचो. चौकटीतून सुटलेला ससा त्याच हातातून काडी घ्यायचा, ज्या हाताने त्याला टोचलेलं असायचं.

पुढे अटलांटिकच्या किनाऱ्यावरच्या नालखेकड्याच्या निळ्या रक्तापासून केलेली चाचणी आली आणि सशांची गरज खूप कमी झाली. आता त्या रक्तातलं प्रथिन प्रयोगशाळेतही तयार करतात. शोधलं की वाट सापडते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. काजळ-शाम्पूसाठी मात्र १९४४ साली अमेरिकेतल्या ड्रेझ या शास्त्रज्ञाने बसवलेली पद्धत किती वर्षं चालली! सशाच्या एका डोळ्यात द्रव्य घालायचं आणि दुसरा डोळा तुलनेला तसाच ठेवायचा. सलाइनच्या सशाला मी कारण सांगू शकलो असतो. या सशाला काय सांगणार?

गुहागर

आमच्याकडे शिकेकाई, रिठा, थंडीत पायाच्या भेगांना भिरंडेल म्हणजे कोकमाचं तेल, दिवाळीत उटणं. ससा नाही, ठिपका नाही, कुरिअरचा खर्चही नाही. फक्त रिठा डोळ्यात गेला तर काय होतं ते लहान मुलांच्या आयांनी लक्षात ठेवावं.

लांजा

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. तीन वर्षांपूर्वी भातकापणीच्या दिवसांत बाबांना गडग्यातल्या फुरशाने चावलं. दवाखान्यात पोचेपर्यंत हिरड्यांतून रक्त येऊ लागलं होतं. डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं तसंच ठेवलं. ते गोठलं नाही. मग सर्पविषावरचं औषध सुरू केलं. मध्येच बाबांच्या अंगावर गांधी उठल्या, त्यावरही तातडीने इंजेक्शन दिलं. सहा तासांनी पुन्हा नळीत रक्त घेतलं. ते गोठलं तेव्हा आईने नळीलाच हात जोडले.

ते औषध घोड्यापासून येतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष घोड्याला थोडं थोडं टोचत नेतात आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं वेगळी काढतात. मी साबण, शाम्पू, टूथपेस्ट सगळं बदललं आहे. पण "प्राण्यांचा कोणताही वापर आजच बंद करा" अशा पत्रकावर सही मागायला एक मुलगा आला तेव्हा माझा हात उचलला नाही. घोड्याशिवाय हे औषध तयार व्हावं म्हणून कोणी सही मागितली असती तर पहिली माझी असती.

बाबांना हे डॉक्टरांनीच समजावून सांगितलं होतं. तेव्हापासून गणपतीपुळ्याला गेलो की ते पुळणीवर फेऱ्या मारणाऱ्या घोड्यांपाशी थांबतात. पाणी कधी दिलंस, वाळू तापली आहे, सुरूखाली बांध त्याला, असं मालकाला सांगतात. घरून भिजवलेले हरभरे नेतात. तो घोडेवाला आता त्यांना लांबूनच ओळखतो आणि घोडा सावलीत आणून उभा करतो.