अनुभव धागा: पडद्यापलीकडचे माणूस

प्रेम जुळताना, टिकताना किंवा तुटताना हातातल्या फोनने नेमके काय केले, हे प्रत्येकाने स्वतःच्या आयुष्यातून सांगावे, एवढ्यासाठी हा धागा आहे. तंत्रज्ञान चांगले की वाईट हा वाद येथे नको. सुरुवात मी करते.

लग्नानंतर आम्ही दोन वर्षे वेगवेगळ्या देशांत राहिलो. व्हॉट्सअ‍ॅपवर २०१४ च्या नोव्हेंबरात निळ्या खुणा आल्या आणि त्याने संदेश वाचला की नाही, हे त्याला न विचारताच कळू लागले. तिथेच आमचे बिनसू लागले. एका रात्री 'टाइप करत आहे' असे सारखे उमटत आणि पुसले जात होते, उत्तर मात्र येत नव्हते. पहाटेपर्यंत मी मनातल्या मनात सगळे भांडण उरकून टाकले होते. सकाळी फोन आला तेव्हा कळले, की त्याच्या वडिलांना रुग्णालयात हलवले होते आणि मला कसे सांगावे हे न सुचून तो शब्द लिहीत होता, पुसत होता. त्या खुणा आम्ही दोघांनीही बंद केल्या. काय झाले, हे आता मी विचारते.

*

आमचे प्रेम एसएमएसच्या काळातले. रोमन अक्षरे एका संदेशात १६० मावत, देवनागरी मात्र ७०च, म्हणून आम्ही मराठीसुद्धा रोमनमध्ये लिहायचो. मागणी घालताना मी हट्टाने देवनागरीत लिहिले आणि तीन संदेश खर्ची पडले. तिचे उत्तर दोन अक्षरी होते: 'होय.'

*

पत्नी कामावरून लांबलचक ध्वनिसंदेश पाठवते. २०२१ मध्ये ते वेगाने ऐकण्याची सोय आली, तेव्हापासून मी ते दुप्पट वेगाने ऐकत असे. एकदा तिचा हुंदका मला हसू वाटला आणि मी हसरा चेहरा पाठवून दिला. त्याची लाज अजून जात नाही. आता मी तिचे बोलणे तिच्याच गतीने ऐकतो, मध्ये ती नुसती श्वास घेत थांबते तेही.

*

यजमान गेले त्या दिवशीचा त्यांचा शेवटचा संदेश अकरा सेकंदांचा आहे: 'दाराला आतून कडी लावू नकोस, किल्ली माझ्याजवळ आहे.' मुलाने नवा फोन आणला, तेव्हा मी त्याला आधी तेवढा संदेश त्यात आला का ते पाहायला लावले आणि मगच जुना फोन हातातून सोडला.