युकुलेले: कॉर्ड बदलली की स्केलही बदलायची? कोण शिकवतं हे?

चारतारा: परवा इथेच एका महाशयांनी युकुलेलेच्या (चार तारांचं छोटं गिटारसारखं वाद्य) नवशिक्यांना सल्ला दिला: साथीला कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार सूर) चालू असताना वरून धून वाजवायची तर सी कॉर्डवर सीची स्केल (सुरांची ठरलेली माळ), एफ आली की एफची, जी सेव्हन आली की जीची. खाली 'मस्त माहिती'ची रांग. म्हणून हा धागा.

सी, ए मायनर, एफ, जी सेव्हन. चारही कॉर्ड पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांतच बसतात. एफची स्केल धरलीत की काळी पाच (बी फ्लॅट) घुसते, जीची धरलीत की काळी तीन (एफ शार्प). आणि जी सेव्हनमध्ये मुळातच एफ आहे हो! शेजारचा एफ वाजवतोय आणि तुम्ही वरून एफ शार्प ठोकताय. स्केल एकच, सीची. बदलते ती थांबायची जागा.

घरी करून बघा. कुणाला तरी सी कॉर्ड वाजवत ठेवायला सांगा, तुम्ही ई तारेचा पहिला फ्रेट (खण), म्हणजे एफ, दाबून तिथेच मुक्काम ठोका. दात आंबतील. आता त्याला एफ धरायला सांगा, तुमचं बोट हलवू नका. तोच सूर एकदम घरचा.

कोथरूडचा_उके: 'महाशय' म्हणजे मीच, नाव घ्यायला कसली लाज? जॅझमध्ये प्रत्येक कॉर्डला तिची स्केल असते, हे जगभर शिकवतात.

चारतारा: असते ना. जी सेव्हनला जी मिक्सोलिडियन. म्हणजे त्याच पांढऱ्या पट्ट्या, जीपासून मोजलेल्या. तुम्ही 'जीची' म्हणून जी मेजर लिहिलंत, ती एफ शार्पवाली.

पेठेतला_पेटीवाला: एवढं डोकं कशाला शिणवता? सरळ भूप राग वाजवा. सा रे ग प ध. म आणि नी नाहीतच, घासणार काय? सोसायटीच्या गणपतीत मी अर्धा तास असाच काढला, एकाला कळलं नाही.

ऋषभप्रिय: भूप?? चार तारांच्या खेळण्यावर पाच सूर वाजवले की भूप होत नाही. देशकार रागाचेही तेच पाच सूर आहेत. अकरा वर्षांचा असताना भूप गाताना धैवतावर (ध) जरा जास्त रेंगाळलो, तर गुरुजींनी तंबोरा खाली ठेवला आणि म्हणाले, "देशकारात गेलास, बाहेर जाऊन पाणी पिऊन ये." तासभर जिन्यात बसलो होतो.

पेठेतला_पेटीवाला: झालं, आले रागरक्षक! तुमच्यासारख्यांमुळेच १९४० साली पेटी आकाशवाणीबाहेर गेली.

ऋषभप्रिय: पेटीवर मींड (सुरावरून सुरावर अलगद घसरणं) काढून दाखवा, मग बोलू. आणि तुमची पट्टी तर कायमची बेसूर, गंधार ऐका तिचा.

पेठेतला_पेटीवाला: सवाईला तुम्ही ज्यांना माना डोलावता, त्यांच्या बाजूला साथीला काय असतं? डोळे मिटून ऐकता म्हणून दिसत नसावं.

चारतारा: अहो, पेटी आवरा. पण ऋषभप्रिय, तुम्ही भांडता भांडता माझीच बाजू मांडलीत. सूर तेच, भूपाचा वादी (मुख्य सूर) गंधार, देशकाराचा धैवत. सीवर ग-प धरा, ए मायनर आली की ध-कडे वळा. आमच्यात कॉर्ड सांगते कुठे बसायचं.

ऋषभप्रिय: तुमच्यात ते दर मात्रेला बदलतं. आमच्यात सा हलत नाही. तुलना नको. (उदाहरण मात्र बरोबर समजलात, नाइलाजाने म्हणतो.)

कोथरूडचा_उके: आणि ए मायनरच्या आधी ई सेव्हन आली तर? त्यात जी शार्प आहे. पांढऱ्याच कुरवाळत बसणार?

चारतारा: नाही, तिथे काळी चार घ्यावीच लागते. तेवढी कॉर्ड संपेपर्यंत. 'स्केल एकच' हे मी जरा जोरात बोललो. पण एक सूर बदलतो, अख्खी स्केल नाही.

कोथरूडचा_उके: म्हणजे बदलते. ठीक. तुमचा प्रयोगही केला, बायकोने सी धरला, आणि एफवर थांबलो तर ती म्हणाली "सूर लाव आधी". लावलेलाच होता. जी मेजर खोडतो. 'महाशय' तुम्ही खोडा.

ऋषभप्रिय: आणि वरचं ते 'भूप' पण.