‘साइन्स’ पाहताना तुमची नेमकी कुठे तंतरली? (अनुभव धागा)

परवा भयपटांच्या धाग्यावर दिग्दर्शक श्यामलनच्या ‘साइन्स’चा (Signs) विषय निघाला आणि मूळ गप्पा बाजूलाच राहिल्या, म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सिनेमा २००२चा. पेनसिल्व्हेनियातली बक्स काउंटी, मक्याचं शेत, शेतात घर. ग्रॅहम हेस (मेल गिब्सन) हा चर्चमधला धर्मगुरू. बायको अपघातात गेली तेव्हापासून त्याने ती पांढरी कॉलर काढून ठेवलीय. धाकटा भाऊ मेरिल (वाकीन फिनिक्स) सोबतीला राहायला आलाय. मुलगा मॉर्गन दमेकरी, आणि धाकटी बो एकही पेला पाणी संपवत नाही. याच्यात धूळ आहे, त्याच्यात केस आहे म्हणत अर्धे पेले घरभर ठेवून देते. शेतात पीक आडवं होऊन वर्तुळं उमटतात, टीव्हीवर आकाशातले दिवे दिसायला लागतात, आणि मग ‘ते’ परग्रहवाले येतात. एवढं पृथ्वीवर आक्रमण होतं, पण एक इमारत पडत नाही, एक रणगाडा दिसत नाही. या चौघांना दारं-खिडक्यांच्या आतून जेवढं कळेल तेवढंच आपल्याला कळतं.

परीक्षण नको. पाण्याच्या मुद्द्यावर (हे परग्रहवाले साध्या पाण्याने कसे मरतात, यावर) वाद घालणाऱ्यांना आधीच कोपरापासून नमस्कार. कुणाबरोबर पाहिलात आणि काय अडकून राहिलं, तेवढं लिहा. शेवट बिनधास्त फोडा.

माझ्यापासून सुरुवात. मला त्या हिरवट प्राण्याचं काही वाटलं नाही. मला जेवणाचा प्रसंग लागला. घराला फळ्या ठोकून झाल्यात, आणि बाप प्रत्येकाला विचारतो, काय खायचंय? बो-ला स्पगेटी, मॉर्गनला फ्रेंच टोस्ट आणि कुस्करलेले बटाटे, मेरिलला चिकन तेरियाकी, स्वतःला बेकन घातलेला चीजबर्गर. सगळं टेबलावर येतं आणि कुणाच्याच घशाखाली उतरत नाही. मॉर्गन म्हणतो, प्रार्थना करूया. बाप भडकतो. मग सगळ्यांच्या ताटातलं स्वतःच्या ताटात ओढून, रडत बकाबका खायला लागतो.

बाबांच्या बायपासच्या आदल्या संध्याकाळी आई अशीच सगळ्यांना विचारत फिरली होती. भावाला पावभाजी, मला पिठलं, आजीला साबुदाण्याची खिचडी. बाबांना पथ्याचं. ओटा भांड्यांनी भरला होता. आम्हा बहीण-भावाला वाटत होतं काय मजा आहे, आणि आई वाढताना कुणाच्याच तोंडाकडे बघत नव्हती. बाबा आज ठणठणीत आहेत. तरी तो प्रसंग आला की मी उठून चहा टाकायला जाते.

लिहा आता.
– ओवी_नसलेली

रांग_एच: वाढदिवसाचा व्हिडिओ! ब्राझीलमधली पोरं खिडकीतून ओरडतायत, कॅमेरा इकडून तिकडे, आणि तो प्राणी गल्लीतून नुसता चालत जातो. धावत नाही की हल्ला करत नाही. पुण्यात कँपातल्या थिएटरात पाहिला तेव्हा आमची अख्खी रांग किंचाळली आणि शेजारच्या अनोळखी काकूंनी माझं मनगट पकडलं ते मध्यंतरापर्यंत सोडलं नाही. त्याच्या आधी मेरिल टीव्हीसमोर ‘बाजूला व्हा रे पोरांनो’ म्हणून ओरडतो, तेव्हा सगळे हसत होते. हसतानाच धरलं बेट्याने.

शिवारातला: मी जुन्नर तालुक्यातला. तुमच्या सगळ्यांचं घाबरणं आणि आमचं घाबरणं यात फरक आहे, म्हणून लिहितो.

ग्रॅहम रात्री एकटा मक्यात शिरतो. हातात बॅटरी. टकटक असा आवाज येतो. बॅटरी हातातून पडते, बंद पडते, परत लागते, आणि उजेडात एक पाय मक्याच्या आत ओढला जाताना दिसतो. फक्त पाय. मग हा घराकडे जो पळत सुटतो!

आमच्याकडे मक्याऐवजी ऊस आणि परग्रहवाल्याऐवजी बिबट्या. ऊस वर्षभर शेतात उभा असतो, आत गारवा असतो, शेजारी गावची कुत्री-शेळ्या. मादी तिथंच पिल्लं घालते आणि तोडणीला टोळी आली की सरीत बछडी सापडतात. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे ते काही हौस म्हणून नाही. आणि शेतीची लाइट बरेचदा रात्रीची. दारं धरायला (पिकाला पाणी द्यायला) जायचं म्हणजे एका हातात फावडं, दुसऱ्यात बॅटरी. मोबाइलवर गाणी मोठ्याने लावायची, त्याला कळावं माणूस येतोय.

मला त्या सीनमध्ये पटलेली गोष्ट म्हणजे आवाज. वारा असेल तेव्हा पाचट सगळीकडून वाजतं, त्याची भीती नाही. वारा पडलेला असताना एकाच जागी वाजलं तर पोटात गोळा येतो. ज्याने कुणी तो सीन रचला त्याला हे माहीत होतं. माझी बायको म्हणाली, हा माणूस बॅटरीची दोरी मनगटात का अडकवत नाही? तिचं बरोबर आहे. आम्ही अडकवतो.

ओवी_नसलेली: शिवारातला, वहिनींना दंडवत. याच्यासाठीच धागा काढला होता.

मीरेची_आई: तळघर. दुसरं काहीच नाही.

मॉर्गनला झटका येतो, पंप वर घरात राहिलाय आणि वर जाता येत नाही. ग्रॅहम त्याला मांडीत घेतो, त्याची पाठ स्वतःच्या छातीला टेकवतो आणि सांगतो, माझ्यासारखा श्वास घे. माझ्या लेकीला तीन वर्षांची असल्यापासून दमा आहे. स्पेसर, नेब्युलायझर, पावसाळ्यात उशाशी भरलेली पिशवी, सगळं. रात्री तिच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायला लागली की मीही अशीच तिला पोटाशी घेऊन बसायचे. कुणी शिकवलं नव्हतं. पोटाशी धरलं की माझा श्वास तिला पाठीत कळतो, आणि मला माझा श्वास मुद्दाम संथ ठेवावा लागतो. आतून मी किंचाळत असते.

त्या प्रसंगात ग्रॅहम वर छताकडे बघून म्हणतो, माझ्याशी पुन्हा असं करू नकोस, मी तुझा तिरस्कार करतो. लोक त्याला श्रद्धेचा क्षण वगैरे म्हणतात. मला ते सरळ भांडण वाटलं. मी रात्री तीन वाजता याहून वाईट बोललेय देवाला.

नळी_आणि_वळी: मीरेची आई, पेशाने छातीचा डॉक्टर आहे म्हणून थोडं अवांतर. मांडीत ताठ बसवून शांत करणं अगदी योग्य, घाबरलेलं मूल भराभर श्वास घेऊन जास्त दमतं. पण ते पंपाच्या ऐवजी नव्हे, पंप मिळेपर्यंत. तुम्हाला हे ठाऊकच आहे, वाचणाऱ्यांसाठी लिहिलं. झटक्यात छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल तर निदान हवा हलतेय. आवाजच बंद झाला आणि मूल सुस्त पडलं की आमची पळापळ.

सिनेमात शेवटी विषारी वायू मॉर्गनच्या नाकाशी सोडला जातो आणि ‘दम्यामुळे फुप्फुसं बंद होती म्हणून वाचला’ असा उलगडा आहे. इतकं बंद असेल तर मारायला विषाची गरजच नाही! अंगणात त्याला एपिनेफ्रिनचं इंजेक्शन देतात ते मात्र पटलं. आणि हे सगळं माहीत असूनही पोरगं डोळे उघडतं तेव्हा मी नाक ओढत होतो, हे बायकोने इथे येऊन सांगण्याआधी मीच सांगतो.

शंकासूर: पाण्याबद्दल बोलायचं नाही म्हणता, बरं. मग वर्तुळांबद्दल बोलतो. इंग्लंडमध्ये डग बोवर आणि डेव्ह चोर्ली या दोन म्हाताऱ्यांनी १९९१मध्येच पत्रकारांना सांगून टाकलं होतं की ही वर्तुळं आम्ही काढत होतो. फळी आणि दोरी, बस. रात्री पबमधून निघायचं आणि कुणाच्या तरी शेताची वाट लावायची. मी शाळेत असताना मासिकांतून या वर्तुळांचे फोटो कापून वहीत चिकटवायचो, त्यामुळे सिनेमा सुरू झाला तेव्हा मी हाताची घडी घालून बसलो होतो. आणि तरीही लहान बाळांच्या खोलीत ठेवतात त्या यंत्रातून आवाज यायला लागले, चौघं मोटारीच्या टपावर एकमेकांना धरून चढले, तेव्हा घडी सुटली. बुद्धी शाबूत, अंगावर काटा. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

पाण्याला विरघळणाऱ्यांनी दवाने भिजलेल्या मक्यातून उघड्याने...

ओवी_नसलेली: शंकासूर!!

कोमल_रिषभ: जेम्स न्यूटन हॉवर्डचं संगीत. तीनच स्वरांचा तुकडा, सुरुवातीच्या नामावलीत व्हायोलिनवर अंगावर येतो आणि तोच तुकडा शेवटी दिलासा देतो. व्हायोलिन शिकणाऱ्यांनी डोळे मिटून ऐकावा. बाकी मला सिनेमा संथ वाटला. पळते.

बिनमाळेचा: लिहू की नको करत होतो.

आमचे अण्णा माळकरी. आई कर्करोगाने गेली त्याच्या आदल्या आषाढीपर्यंत ते पायी वारीत होते. तेराव्यानंतर त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ काढली आणि देव्हाऱ्याखालच्या खणात उदबत्तीच्या पुड्यांजवळ ठेवली. बोलले काहीच नाहीत. दिंडीतले लोक घरी आले, समजावून गेले. अण्णांनी त्यांना चहा दिला.

हा सिनेमा मी त्यांना मुद्दाम दाखवला नाही. मी लॅपटॉपवर बघत होतो, ते येऊन शेजारी बसले. इंग्रजी कळत नाही, म्हणून मी जमेल तसं सांगत होतो. सुरुवातीलाच ग्रॅहमच्या खोलीत भिंतीवर काढून टाकलेल्या क्रुसाची फिकी खूण दिसते. मी त्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. अण्णाच म्हणाले, “तिथं देव होता.”

वर लिहिलाय तो जेवणाचा प्रसंग आला. ग्रॅहम म्हणतो, आयुष्यातलं आणखी एक मिनिटही मी प्रार्थनेत घालवणार नाही. मी मराठीत सांगितलं. अण्णा म्हणाले, “बरोबर बोलला तो.” नंतर बराच वेळ गप्प होते. मेरिलशी बोलताना ग्रॅहम सांगतो की जगात दोन प्रकारचे लोक, काहींना सगळ्यात खूण दिसते, काहींना नुसता योगायोग. हेही मी सांगितलं. अण्णा म्हणाले, “तिसरेही असतात. त्यांना खूण दिसते आणि राग येतो.”

शेवटी ग्रॅहम पुन्हा कॉलर घालून खोलीतून बाहेर येतो. तिथे अण्णा उठले. “सिनेमात सोपं असतं,” म्हणाले आणि झोपायला गेले. मलाही तो शेवटचा भाग खोटा वाटतो. बायकोचे मरतानाचे ‘मेरिलला सांग, जोरात फिरव’ हे शब्द, मेरिलची भिंतीवरची बेसबॉलची बॅट, पोराचा दमा, पोरीचे पेले, सगळ्याचा हिशेब चोख जुळतो आणि माणूस देवाकडे परत. आमच्याकडे काही जुळलेलं नाही. माळ अजून खणातच आहे. मटण मात्र अण्णा आजही खात नाहीत. विचारलं की सांगतात, सवय नाही.

मीरेची_आई: बिनमाळेचा, अण्णांचा तो ‘तिसरेही असतात’ मी लिहून ठेवलाय.

नळी_आणि_वळी: +१. याच्यावर काही बोलायला नको.

धाकटा_काका: माझं थोडं हलकं. परदेशी सिनेमात काका सहसा दारू पिऊन पडलेला नाहीतर वाड्यावर डोळा ठेवून असलेला. मेरिल हा बिनलग्नाचा, पुतण्यांच्या घरात राहणारा, पेट्रोल पंपावर काम करणारा साधा काका आहे. बेसबॉलमध्ये ५०७ फुटांचा फटका मारल्याचा त्याचा विक्रम, आणि सर्वाधिक वेळा बाद व्हायचाही त्याचाच. कारण चेंडू येईल तसा जोरात फिरवणं, एवढंच त्याला येतं. कपाटात बसून बातम्या बघतो आणि परग्रहवाल्यांनी मनातलं वाचू नये म्हणून पोरांबरोबर डोक्यावर चांदीच्या कागदाची टोपी घालतो.

वहिनी गेल्यावर दादाने मला नाशिकहून बोलावून घेतलं, ‘थोडे दिवस ये’ म्हणून. पुतणी आता कॉलेजला आहे. तिच्या शाळेच्या सगळ्या फॉर्मांवर ‘पालक’ या रकान्यात माझी सही आहे. ‘साइन्स’ तिनेच दाखवला. टोपीचा सीन आला तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाली, “हा तू.” मी म्हटलं, बॅटचा सीन येऊ दे, मग बोल.

घाटरस्ता: कुणी रे रेड्डीबद्दल लिहिलं नाही? गाडी चालवताना ज्याचा डोळा लागला आणि ग्रॅहमची बायको गेली, तो. खुद्द श्यामलननेच केलाय तो रोल. (जन्म पुद्दुचेरीतल्या माहेचा, वाढला पेनसिल्व्हेनियात.) मी रात्रपाळीला गाड्या चालवतो. तो मोटारीत बसून, ग्रॅहमकडे नीट न बघता बोलतो, की एरवी कुठेही झोप लागली असती तर गाडी खड्ड्यात गेली असती, नेमक्या त्या क्षणी त्या वळणावरच का? माफी मागतो तीही अर्धवट. माझ्या ओळखीत असा एक ड्रायव्हर आहे. तोही हेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत बोलत असतो, कुणी विचारलेलं नसताना. सिनेमा त्याला ना राक्षस करतो ना साधू, याबद्दल श्यामलनला मानलं.

डेलावेअरच्या_काठी: उशिरा आले. मी बक्स काउंटीतल्या डॉइल्सटाउनपासून गाडीने अर्ध्या तासावर राहते, म्हणजे सिनेमाच्या परिसरातच. ते घर शोधायला इथे येणारे अजून आहेत, पण तो सेट होता. तिथल्या शेतकी कॉलेजच्या जमिनीवर उभा केला होता, नंतर काढला. गावातले प्रसंग न्यूटाउनला चित्रित झालेत, ते रस्ते अजून तसेच आहेत.

भारतातून नवीन आले तेव्हा पहिल्याच ऑक्टोबरात नवरा कामानिमित्त बाहेरगावी आणि मी एकटी. घराच्या मागे मका, वाळून खडखडीत झालेला. कुंपण नाही, हे मला सगळ्यात विचित्र वाटायचं. कणकवलीला आमच्या परसाला गडगा आहे. इथे स्वयंपाकघराचं दार उघडलं की थेट शेत. सिनेमा तेव्हा पाहिला असता तर पहिल्या विमानाने परत गेले असते. नशिबाने मुलं झाल्यावर पाहिला, आणि तेव्हा लक्ष गेलं ते घराच्या आत. चौघंच. ना आत्या, ना शेजारची वहिनी, ना कुणी डबा घेऊन आलेलं. ती एक पोलीस बाई तेवढी मायेने विचारपूस करते. बायको जाऊन फार दिवस झालेले नाहीत आणि त्या घराची बेल कुणी वाजवत नाही. माझ्या नणंदेच्या वेळी इथल्या मराठी मंडळाने आळीपाळीने जेवण पोचवलं होतं, आठवड्यांमागून आठवडे. फ्रीजमध्ये जागा नव्हती.

शिवारातला: ताई, एक विचारतो. तिकडच्या मक्यात खरंच काय असतं?

डेलावेअरच्या_काठी: हरणं. आणि हरणांच्या अंगावरची गोचीड. तीच जास्त वाईट, चावली की लाइमचा आजार होऊ शकतो, आणि त्याच्या रुग्णांत आमचं राज्य कायम वरच्या नंबरात. शेतात शिरायचं तर पँट मोज्यांत खोचून जायचं आणि घरी आल्यावर पोरांचे गुडघ्यामागचे भाग, काखा, कानामागे सगळं तपासायचं.

शिवारातला: म्हणजे बॅटरी घरीच ठेवली तरी चालेल.

डेलावेअरच्या_काठी: तपासायला लागते ना.