हाइन्स वॉर्डचा तो ब्लॉक: घरच्या ग्रुपवर रंगलेला वाद

ओंकार (कोल्हापूर): सचिनकाका, तुम्ही टाकलेली अमेरिकन फुटबॉलची क्लिप परत परत बघितली. एक कळंना. ज्याला उडवला त्याच्याकडं बॉलच नव्हता की! मग फाऊल का नाही? आमच्या शाहू स्टेडियमवर असं कुणी केलं तर थेट लाल कार्ड, आणि पब्लिक मैदानात उतरंल.

सचिन (पिट्सबर्ग): अमेरिकन फुटबॉलमध्ये ब्लॉक म्हणजे हेच रे. बॉल घेऊन पळणाऱ्याच्या वाटेतला माणूस हटवायचा. धरून ठेवायचं नाही, मागून पाठीत ढकलायचं नाही, पण समोरून किंवा बाजूनं अंगावर जायला परवानगी आहे. ही मॅच 19 ऑक्टोबर 2008 ची, सिनसिनाटीत, आमचे स्टीलर्स विरुद्ध तिथले बेंगल्स. ब्लॉक करणारा आमचा रिसीव्हर (पास झेलणारा) हाइन्स वॉर्ड. पडला तो कीथ रिव्हर्स, बेंगल्सचा लाइनबॅकर, म्हणजे बचावातला खेळाडू. रिव्हर्सची नजर बॉलवर, तो तिकडे धावतोय, आणि वॉर्ड उलट दिशेनं आला. रेफ्रीचा फाऊल दाखवणारा फ्लॅग पडला नाही. लीगनं, म्हणजे एनएफएलनं, नंतर फिल्म तपासली आणि दंडही केला नाही. ब्लॉक नियमात होता. विषय संपला.

मीनल (सिनसिनाटी): विषय संपला नाही, सचिन. त्या मुलाचा जबडा मोडला. एनएफएलमधलं पहिलंच वर्ष, ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) नवव्या नंबरवर निवडलेला, आणि सीझन तिथंच संपला. फ्लॅग पडला नाही म्हणजे सगळं ठीक होतं, हे मला मान्य नाही.

वैशाली (पुणे): क्लिप बघून पोटात गोळा आला. मी अशी फ्रॅक्चर्स बघते, बहुतेक बाइकवरून पडलेल्यांची. खालचा जबडा मोडला की बऱ्याचदा प्लेट बसवावी लागते, नाहीतर वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून ठेवतात. काही आठवडे सगळं पातळच. धडधाकट माणसाचंही वजन झरझर उतरतं. आणि जबड्याला एवढा मार बसतो तेव्हा डोकंही तेवढ्याच जोरात हलतं. हेल्मेट कवटी वाचवतं. आतला मेंदू हलतो तो हलतोच.

सचिन (पिट्सबर्ग): वैशाली, वाईट मलाही वाटतं. पण दुखापत किती मोठी झाली यावरून खेळाडू डर्टी, म्हणजे मुद्दाम इजा करणारा, होता का हे ठरत नाही. आणि वॉर्ड काही राक्षस नव्हता. सहा फूट, 205 पौंड. रिव्हर्स त्याच्यापेक्षा उंच आणि चांगला जड. बहुतेक रिसीव्हर ब्लॉकच करत नाहीत, कॅच घ्यायचे आणि फोटोत यायचं. हा माणूस दुसऱ्यासाठी अंग झोकून द्यायचा. 14 सीझन एकाच टीमकडून खेळला, 1000 कॅच, 2006 च्या सुपर बोलचा, म्हणजे लीगच्या फायनलचा, एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू). आई कोरियन, तिनं अनेक नोकऱ्या करून एकटीनं वाढवला. या शहरात लोक त्याला घरातला समजतात.

मीनल (सिनसिनाटी): घरातला म्हणूनच तुम्हाला दिसत नाही. 2009 मध्ये स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडनं एनएफएलच्या खेळाडूंनाच विचारलं होतं, सगळ्यात डर्टी कोण? पहिलं नाव वॉर्डचं आलं. मत पत्रकारांचं नव्हतं, त्याच्यासमोर उभं राहणाऱ्यांचं होतं. रिव्हर्सच्या आदल्या वर्षी बाल्टिमोरच्या एड रीडलाही त्यानं असंच आडवं केलं होतं.

अभय (कोल्हापूर): मीनल, तुझ्या गावाची टीम हरली म्हणून राग आहे का थोडा? 38-10 दाखवतंय गूगल.

मीनल (सिनसिनाटी): दादा, स्कोअरशी मला काही देणंघेणं नाही. आदी यंदा हायस्कूलच्या टीममध्ये लाइनबॅकर खेळतोय. रिव्हर्सचीच जागा. ती क्लिप मी आदीची आई म्हणून बघते.

नाना (सातारा): मी वाचतो आहे. सचिन, मला एक सांग. पडलेल्या मुलाला समोरचा येताना दिसत होता का?

सचिन (पिट्सबर्ग): नाही नाना. म्हणूनच त्याला ब्लाइंडसाइड म्हणतात. पण इथे कोच पहिल्या दिवसापासून सांगतात, मान फिरती ठेवा, मैदानात कुठूनही कुणीही येईल. ती ज्याची त्याची जबाबदारी. नाही बघितलं तर लागणार.

नाना (सातारा): मग मला जे वाटतं ते लिहितो. मी कबड्डी खेळलो. आमच्या वेळी मातीवर. पकड करताना हाडं मोडलेली पाहिली आहेत. पण चढाईला जाणारा सात जणांच्या समोर उभा असतो. कोपऱ्यातला येणार, मधला येणार, हे त्याला ठाऊक असतं आणि तो त्या तयारीनंच रेषा ओलांडतो. तरीही चढाईवाल्याचा दम तोडायला तोंड दाबलं तर फाऊल. म्हणजे अंगावर जाण्याच्या खेळातसुद्धा कुठे हात लावायचा नाही हे ठरलेलं असतं.
आता दुसरी बाजू. 1962 साली बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला लागला. आपला कप्तान. कवटी फुटली. जगतो की नाही अशी अवस्था, फ्रँक वॉरेलनं रक्त दिलं. आम्ही पोरं रोज पेपरची वाट बघायचो. तो माणूस पुन्हा कसोटी खेळला नाही. पण त्यानं स्वतः ग्रिफिथला दोष दिला नाही. चेंडू टाकला जात असताना पॅव्हेलियनची एक खिडकी उघडली आणि लक्ष विचलित झालं, असंच तो सांगत आला. म्हणून मीनल, दुखापत भयंकर झाली एवढ्यावरून समोरच्याला खुनशी म्हणू नये, हे सचिनचं मला पटतं. मात्र कॉन्ट्रॅक्टर बॅट घेऊन ग्रिफिथकडे तोंड करून उभा होता. या मुलाला ती संधी नव्हती.

वैशाली (पुणे): नाना 🙏

मीनल (सिनसिनाटी): नाना, तुम्ही माझंच म्हणणं नीट मांडलंत. दोघांपैकी एकालाच दिसत होतं. मग सगळी जबाबदारी दिसणाऱ्याची. रिव्हर्स बेसावध होता. वॉर्डला त्याला थांबवायचंच होतं तर छातीवर दोन्ही तळवे मारले असते तरी तो कोलमडला असता, कारण त्यानं पायच रोवलेले नव्हते. त्याऐवजी खांदा आणि हेल्मेट घेऊन हनुवटीखाली गेला. त्या क्षणी काम होण्यापुरतं काय लागत होतं आणि त्यानं काय केलं, या दोन्हींतलं अंतर मी बघते. माझ्यासाठी डर्टीची व्याख्या तीच.

सचिन (पिट्सबर्ग): ताई, तू ते स्लो मोशनमध्ये बघतेस. स्लो मोशनमध्ये प्रत्येक टक्कर मुद्दाम केल्यासारखी दिसते. दोघं पूर्ण वेगात, समोरचा एक पाऊल टाकताना वाकला की छाती होती तिथे जबडा येतो. आणि रिव्हर्स खेळाच्या बाहेर नव्हता, बॉलकडेच निघाला होता. त्याला अडवलं नसतं तर टॅकल त्यानंच केला असता, म्हणजे बॉलवाल्याला त्यानंच पाडलं असतं.
डर्टी म्हणजे काय ते बघायचं तर वॉरन सॅप बघ. 24 नोव्हेंबर 2002, टँपा बे विरुद्ध ग्रीन बे. टँपानं पास अडवून बॉल घेतला आणि उलटे पळाले. ग्रीन बेचा चॅड क्लिफ्टन प्लेपासून, म्हणजे चालू चालीपासून, लांब, नुसता जॉगिंग करत होता, त्याचा आता कशाशी संबंध नव्हता. सॅपनं येऊन त्याला उडवला. कंबरेचं हाड आणि सांधे असे दुखावले की कित्येक दिवस हॉस्पिटल, आणि नंतर आधाराशिवाय चालता येईना. मॅच संपल्यावर ग्रीन बेचा कोच माइक शर्मन मैदानातच सॅपला जाब विचारायला गेला. तिथेही फ्लॅग नव्हता बरं का. तो ब्लॉक मी डर्टी म्हणेन. त्याची गरजच नव्हती.

ओंकार (कोल्हापूर): आता ही पण बघितली. सॅपची बघून डोकं तापलं. तो माणूस सरळ चालला होता हो!

अभय (कोल्हापूर): म्हणजे सचिनसाठी प्रश्न असा, की समोरचा खेळात होता का. मीनलसाठी असा, की दुसऱ्या पद्धतीनं थांबवता आला असता का. दोघं वेगळ्या गोष्टी मोजताय, म्हणून जुळत नाही.

मीनल (सिनसिनाटी): आणि लीगनं नंतर काय केलं ते सचिन सांगत नाहीये. 2009 च्या मार्चमध्ये नियम बदलला. असा उलट येऊन ब्लॉक करताना हेल्मेट, कोपर-मनगटामधला हात किंवा खांदा समोरच्याच्या डोक्याला-मानेला लागला तर टीमला 15 यार्ड मागे जायचा दंड. अख्ख्या अमेरिकेत लोक त्याला हाइन्स वॉर्ड रूल म्हणतात. स्वच्छ खेळणाऱ्याच्या नावानं असा नियम होतो का?

सचिन (पिट्सबर्ग): होतो की! नियम बदलावा लागला, याचाच अर्थ आधी तो गुन्हा नव्हता. वॉर्डला कोचनं जे शिकवलं, फिल्म रूममध्ये ज्याला टाळ्या मिळाल्या, तेच त्यानं केलं. मग एका खेळाडूच्या कपाळावर शिक्का मारून बाकी सगळे मोकळे. ते चूक आहे. हा ब्लॉक वर्षानुवर्षं शिकवणारे कोच, टीव्हीवर तो पुन्हा पुन्हा दाखवून विकणारे, आणि स्टेडियममध्ये उभं राहून ओरडणारे आम्ही. आमचं काय?

वैशाली (पुणे): हे महत्त्वाचं बोललास. आणि यात तुझ्याच शहराचा मोठा भाग आहे. माइक वेब्स्टर, स्टीलर्सकडून सेंटरच्या जागी खेळलेला, 2002 मध्ये वारला. पिट्सबर्गमध्येच डॉ. बेनेट ओमालूंनी शवविच्छेदन केलं आणि मेंदूत सीटीई सापडलं, वारंवार मार बसून होणारा आजार. 2005 मध्ये त्यांचा शोधनिबंध आला, तर लीगच्या डॉक्टरांनी तो मागे घ्यायला सांगितलं. पुढे माजी खेळाडूंच्या खटल्यात तडजोड झाली, 2013 मध्ये 76.5 कोटी डॉलर जाहीर झाले, नंतर वरची मर्यादाही काढावी लागली. म्हणजे 2008 ला रिव्हर्स पडला तेव्हा हे सगळं माहीत असणारे लोक होते. मैदानावरच्या पोरांपर्यंत ते पोचवलं नाही. मला वॉर्डपेक्षा त्यांचा जास्त राग येतो.

नाना (सातारा): वैशाली, खरं आहे.

ओंकार (कोल्हापूर): यूट्यूबनं पुढं अजून एक दाखवली. परत स्टीलर्स, परत सिनसिनाटी. जूजू की कोण. पाडल्यावर त्याच्या डोक्यावर उभा राहून बघतोय.

सचिन (पिट्सबर्ग): जूजू स्मिथ-शूस्टर. 4 डिसेंबर 2017. पडला तो व्हॉन्टेझ बर्फिक्ट. त्याचा इतिहास सांगायलाच हवा. 2016 च्या जानेवारीत प्लेऑफमध्ये यानंच आमच्या अँटोनियो ब्राउनच्या डोक्यावर मारलं होतं, तीन मॅचची बंदी झाली. त्यामुळे जूजूनं त्याला उडवला तेव्हा इथे खूप लोकांना बरं वाटलं.

मीनल (सिनसिनाटी): बर्फिक्टचं समर्थन मी कधीच करणार नाही. माझ्या टीमचा असला तरी. पण तुला बरं वाटलं का?

सचिन (पिट्सबर्ग): ब्लॉक बघून, हो. तो त्याच्या वर उभा राहिला ते बघून नाही. पडलेल्या माणसाच्या डोक्यावर उभं राहणं कुठल्याच नियमात नको. लीगनं जूजूला एका मॅचची बंदी घातली, ती बरोबर होती. आणि त्याच मॅचमध्ये आमचा रायन शझिएर टॅकल करताना पाठीच्या कण्याला मार बसून पडला. पाय हलेनात. तो पुन्हा खेळू शकला नाही. ती दुखापत कुणाच्या डर्टीपणामुळे झाली नव्हती. तो स्वतःच टॅकल करायला गेला होता. त्या रात्रीनंतर मोठ्या हिटवर ओरडताना माझा आवाज पूर्वीसारखा निघत नाही, हे खरं.

मीनल (सिनसिनाटी): 2019 मध्ये लीगनं तो ब्लॉकचा नियम शेवटी पूर्ण केला. आता ब्लॉक करणारा स्वतःच्या एंड लाइनकडे (मैदानाच्या आपल्या टोकाच्या रेषेकडे) किंवा तिला समांतर जात असेल, तर खांदा-हेल्मेट-हातानं जोरात आदळणंच बंद. डोक्याला लागो की छातीला. पण उघड्या तळव्यांनी ढकललं तर चालतं. हायस्कूलला तर हे 2017 पासूनच आहे.

ओंकार (कोल्हापूर): म्हणजे आत्या, तू जे वॉर्डनं करायला हवं होतं म्हणालीस, तोच आता नियम आहे.

मीनल (सिनसिनाटी): हो रे. आदीचे कोच तेच शिकवतात. न बघणारा दिसला की मुठी उघड, हात पुढे काढ, छातीवर ठेव. नाहीतर त्याच्या वाटेत नुसता उभा राहा. तो आपोआप येऊन धडकतो, प्लेही पुढे सरकतो आणि कुणाचा जबडा मोडत नाही. मी मैदानाच्या कडेला उभी राहून हे बघते म्हणून एवढी ठाम आहे. जमतं ते. चौदा वर्षांच्या पोरांना जमतं.

सचिन (पिट्सबर्ग): आजच्या पोरांना जमतं, कारण त्यांना शिकवलं. हाच तर माझा मुद्दा आहे. 2008 च्या वॉर्डला मी हार्ड म्हणेन, डर्टी नाही. आज कुणी तोच ब्लॉक केला, मग तो स्टीलर्सचा का असेना, तर मी फ्लॅगच्या बाजूनं. त्याला माहीत असतं, कोचला माहीत असतं, तरी केलं तर ते मुद्दाम.

मीनल (सिनसिनाटी): आणि मी म्हणेन, दुसऱ्याला दिसत नाहीये हे वॉर्डला 2008 मध्येही माहीत होतं. त्यासाठी नियमपुस्तक लागत नाही.

नाना (सातारा): तुमचं दोघांचं एकमत होणार नाही, आणि नाही झालं तरी चालेल. मला विचाराल तर मी मीनलच्या बाजूला थोडा जास्त आहे. पण सचिन, कोचांबद्दल आणि प्रेक्षकांबद्दल तू जे लिहिलंस ते खेळणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरी वाचलं पाहिजे. मीनल, आदीची मॅच कधी आहे?

मीनल (सिनसिनाटी): शुक्रवारी संध्याकाळी सातला, नाना. तुमच्याकडे शनिवारी पहाटे साडेचार. शाळा लाइव्ह दाखवते, लिंक इथेच टाकते. जर्सी नंबर 52.

नाना (सातारा): उठतो.

ओंकार (कोल्हापूर): मी पण. सचिनकाका, तुम्ही फोनवर राहा, प्ले समजावून सांगायला कोणीतरी पाहिजे.

सचिन (पिट्सबर्ग): राहतो. आणि ताई, गाडीनं साडेचार-पाच तासच लागतात. पुढच्या होम गेमला मी येतोय. त्याला सांगून ठेव.