लिव्हर की बोल्ट : .357 मॅग्नमपुरते माझे मत

टेक्सासात राहणाऱ्या आपल्या भाच्याला .357 मॅग्नम या काडतुसाची रायफल घ्यायची आहे आणि वरच्या एका प्रतिसादात, नेम अधिक अचूक लागतो म्हणून, बोल्ट-अॅक्शनची (बाजूची मूठ उचलून मागे-पुढे केली की पुढचे काडतूस भरते ती) शिफारस झाली आहे, त्याबद्दल थोडे लिहितो. बोल्टची रचना भक्कम असते हे खरेच. आमच्या परभणीकडे परवान्याची रायफल म्हटले की .315 ची बोल्टवालीच डोळ्यांसमोर येते. परंतु 1935 साली रिव्हॉल्व्हरसाठी आलेले हे काडतूस लांब नळीतून वेग बरेच घेत असले, तरी शंभर-सव्वाशे मीटरपुढे त्याची गोळी झपाट्याने खाली येते, त्यामुळे बोल्टच्या अचूकतेचा मोठा भाग वापरलाच जात नाही. उलट बुडाशी कडा असलेले, बोथट तोंडाचे हे काडतूस लिव्हर रायफलच्या (ट्रिगरभोवतीचा दांडा खाली-वर केला की काडतूस भरते ती) नळीवजा मॅगझिनला, म्हणजे काडतुसे एकामागे एक बसतात त्या नळीला, सोयीचे पडते. तिथे टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या टिकलीवर (बुडाच्या, ठोका बसला की पेटणाऱ्या भागावर) टेकून ते आतच उडण्याचा धोका असतो, तो इथे उरत नाही. डावखुऱ्यालाही लिव्हर अडत नाही.

माझा कौल तरी लिव्हरलाच, पण साफसफाईचा विचार आधी करावा. बोल्ट काढला की नळी मागून पुसता येते. 1892 च्या विंचेस्टर धाटणीच्या लिव्हर रायफलीत ती पुढून पुसावी लागते, तर मार्लिन कंपनीच्या 1894 या मॉडेलमध्ये लिव्हरचा एक स्क्रू काढला की काम होते. आपल्याकडच्या काळ्या मातीच्या फुफाट्यात वावरलेल्याला हा फरक लगेच पटेल. झोपून नेम धरायचा असल्यास मात्र लिव्हरचा दांडा जमिनीला लागतो.